क्युझिनेर रॉड्स: तीन वयांची पोरं, एक टेबल, एकच डबा

घरीच पोरांना शिकवायचं म्हटलं की विकत घ्यायच्या वस्तूंचा नुसता पूर येतो. वर्कशीटचे गठ्ठे, सबस्क्रिप्शन, ॲप, भिंतीवर लावायचे तक्ते, आणि प्रत्येकाचा दावा एकच की आमच्यामुळे मूल हुशार होणार. मी तो दावा वाचतच नाही आता. मी बघतो ते एवढंच की ही वस्तू टेबलावर ठेवली तर माझी किती मिनिटं मोकळी होतात. घरी शिकवणाऱ्याकडे सिलॅबस कमी नसतो हो, कमी पडतो तो वेळ, मोठीला बीजगणितात अडलंय, मधल्याला वजाबाकी चुकली म्हणून रडू येतंय, शेंडेफळ टेबलाखाली कुणाची तरी पेन्सिल चावतंय आणि वॉशिंग मशीन कधीचं थांबून टुंई टुंई करतंय, हे सगळं एकाच वेळी चालू असतं आणि मोठं माणूस एकच.

या हिशोबाने आमच्या घरात सगळ्यात वरचा नंबर क्युझिनेर रॉड्सचा. म्हणजे रंगीत लाकडी कांड्या, दुसरं काही नाही. बॅटरी नाही, लॉगिन नाही, अपडेट नाही.

ज्यांनी बघितल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. दहा लांब्यांच्या दहा रंगांच्या कांड्या असतात, सगळ्यात छोटी १ सेंमीची, म्हणजे नुसता ठोकळाच, आणि सगळ्यात मोठी १० सेंमीची, जाडी सगळ्यांची १ सेंमी बाय १ सेंमी. पांढरी १, लाल २, फिकट हिरवी ३, जांभळी ४, पिवळी ५, गडद हिरवी ६, काळी ७, तपकिरी ८, निळी ९, केशरी १०. रंग उगीच दिलेले नाहीत, मूळ कल्पनेत त्यांची घराणी आहेत, २-४-८ हे लाल घराणं, ३-६-९ हे हिरवं-निळं घराणं, ५ आणि १० पिवळं-केशरी, आणि ७ बिचारा काळा एकटाच, कारण दहाच्या आत त्याचं कुणाशी जमतच नाही. बेल्जियममधले जॉर्ज क्युझिनेर नावाचे शिक्षक होते त्यांची ही कल्पना, ते संगीतही शिकवायचे, १९५२ साली त्यांनी यावर पुस्तक काढलं आणि पुढे कॅलेब गाटेन्यो नावाच्या गणिताच्या माणसाने ते जगभर नेलं. म्हणजे ही वस्तू सत्तर वर्षांची आहे आणि अजून एकही सुधारणा लागलेली नाही (ज्या कंपन्यांनी सुधारणा केल्यात त्यांनी बिघडवलंय, ते खाली सांगतो).

आता मुद्द्याचं. हा एकच डबा तिघांना एकाच वेळी पुरतो, तेही एकाच टेबलावर, आणि तिघं तीन वेगळ्या गोष्टी करत असतात. हे मी दुसऱ्या कुठल्याच साहित्याबद्दल बोलू शकत नाही.

धाकटी जिने बनवते. पांढरी, तिच्या शेजारी लाल, मग फिकट हिरवी, असं करत केशरीपर्यंत. तिला आकडे नीट येत नाहीत अजून पण एक पायरी गाळली तर जिना वाकडा दिसतो आणि ती स्वतःच दुरुस्त करते, मला बोलवत नाही. हे 'मला बोलवत नाही' फार महत्त्वाचं आहे. वर्कशीटमध्ये चूक झाली की पोरगं ती दाखवायला बाबांकडे येणार, इथे चूक झाली की कांडीच बाहेर डोकावते नाहीतर कमी पडते, तपासायला मोठं माणूस लागतच नाही.

मधला गाड्या बनवतो. म्हणजे कांड्या टोकाला टोक लावून रांग करायची, तिला आम्ही गाडी म्हणतो. पिवळ्या कांडीएवढी गाडी किती वेगवेगळ्या प्रकारांनी बनते असा प्रश्न देऊन मी कपडे वाळत घालायला जातो. उत्तर १६ येतं, क्रम वेगळा म्हणजे गाडी वेगळी असं धरलं तर. जांभळीच्या ८ येतात, फिकट हिरवीच्या ४, लालच्या २. दर वेळी दुप्पट. हे त्याला सांगायचं नाही, तेच तर मजेचं आहे, तो शोधतो आणि मग गडद हिरवीच्या ३२ होणार असं जाहीर करतो आणि मग खरंच ३२ होतात का ते मोजायला बसतो, हे बसणं म्हणजे मला अख्खी बादली वाळत घालायला मिळालेला निवांत वेळ! केशरीच्या ५१२ होतात, ते मी अजून बोललो नाहीये, एखाद्या पावसाळी दुपारसाठी राखून ठेवलंय.

आणि मोठी. मोठीला वाटायचं हे बाळांचं खेळणं आहे. मग अपूर्णांकांची बेरीज आली. १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असं लिहिणारी ती काही पहिली मुलगी नाही, जगातली निम्मी पोरं असंच लिहितात. गडद हिरवी कांडी म्हणजे 'एक' असं धरा. तिची अर्धी फिकट हिरवी, तिसरा हिस्सा लाल. दोन्ही जोडल्या की पिवळीएवढी लांबी होते, आणि पिवळी म्हणजे गडद हिरवीचे सहापैकी पाच भाग. ५/६. झालं. छेद समान करा, तिरकस गुणा, वगैरे नंतर शिकवलं तरी चालतं, आधी डोळ्यांनी दिसलं पाहिजे. शिवाय यात 'एक' कोण हे आपण ठरवतो, तीच लाल कांडी जांभळीची अर्धी, गडद हिरवीचा तिसरा हिस्सा आणि केशरीचा पाचवा हिस्सा असते. अपूर्णांक म्हणजे वस्तू नसून नातं आहे हे मी तोंडाने कितीही वेळा सांगितलं असतं तरी तिच्या डोक्यात शिरलं नसतं.

लसावि पण असाच. जांभळ्यांची एक गाडी, गडद हिरव्यांची दुसरी, शेजारी शेजारी लावत जा, दोघींची टोकं पहिल्यांदा कुठे जुळतात? १२ वर. मधला हे बघत होता शेजारून, त्याला लसावि हा शब्दही माहीत नव्हता, पण पुढची टोकं २४ वर जुळणार हे त्यानेच आधी सांगितलं आणि मोठीने त्याला वेड्यात काढायच्या आधी मनात हिशोब केला आणि गप्प बसली. आणि मी? मी त्या वेळी ओट्यापाशी भांडी विसळत होतो. पाठीमागे दोन पोरं गणितावरून भांडतायत आणि माझं नाव कुणी घेत नाहीये, यापेक्षा जास्त सुख होमस्कूलिंगमध्ये मागू नये माणसाने.

आता नावं ठेवायच्या गोष्टी, कारण आहेतच.

पहिलं म्हणजे संख्या. नेहमीचा छोटा सेट ७४ कांड्यांचा येतो: पांढऱ्या २२, लाल १२, फिकट हिरव्या १०, जांभळ्या ६ आणि पिवळीपासून पुढच्या प्रत्येकी फक्त ४. गुणाकार दाखवायला आयत बनवायचा असतो, ३ गुणिले ४ म्हणजे चार फिकट हिरव्या शेजारी शेजारी, त्यावर आडव्या तीन जांभळ्या बरोब्बर बसतात, म्हणजे ३ चोक आणि ४ त्रिक एकच हे झटक्यात दिसतं. पण पोरं खरी अडतात कुठे? ७ गुणिले ८ ला. त्याला एकतर आठ काळ्या हव्यात नाहीतर सात तपकिरी, आणि डब्यात दोन्ही चार चारच. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच डबा हात वर करतो. गाटेन्योच्या पद्धतीत एका कांडीवर दुसरी आडवी ठेवून फुली करायची आणि ती गुणाकाराची खूण समजायची असा तोडगा आहे, मोठ्या पोराला तो चालतो, लहानाला नाही, त्याला अख्खा आयत भरलेला बघायचा असतो.

दुसरं, स्थानिक किंमत म्हणजे एकक दशक शतक शिकवायला या कांड्या लंगड्या पडतात. केशरी म्हणजे दशक ठीक आहे, पण शतक बनवायला दहा केशरी लागतात. त्यासाठी ते १, १०, १०० आणि १००० वाले ठोकळे वेगळे येतात तेच बरे. त्यांचा एककही बहुतेक वेळा १ सेंमीचाच असतो त्यामुळे या कांड्यांबरोबर मिसळून वापरता येतात, घेण्याआधी तेवढं माप बघून घ्या. काही जण विचारतात की माँटेसरीच्या लाल-निळ्या काठ्या आणि या एकच का. नाही. त्या १० सेंमीपासून १ मीटरपर्यंत असतात, जमिनीवर चटई टाकून करायचं काम आहे ते, अगदी लहान मुलांसाठी छान, पण आमच्या घरात १ मीटरची काठी मधल्याच्या हातात दिली तर तिचं पुढे काय होईल हे मला दिसतंय.

तिसरं, आवाज. लाकडी कांड्यांचा डबा फरशीवर उलटला की शेजारच्या खोलीत बायकोच्या ऑनलाइन मीटिंगमधली सगळी माणसं दचकतात. टेबलावर जुना टॉवेल अंथरायचा, निम्मा आवाज तिथेच मरतो आणि कांड्या घरंगळतही नाहीत.

आणि सगळ्यात गंभीर: पांढरी कांडी १ सेंमीचा ठोकळा आहे, घशात अडकू शकतो. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर पांढऱ्या आणि लाल कांड्या वेगळ्या डब्यात, उंचावर, आणि काम झालं की मोजून आत. मोजणं मधल्याकडे द्या, २२ भरेपर्यंत तो सोफ्याखालून हलत नाही. व्हॅक्युम क्लीनर फिरवायच्या आधी तर नक्कीच मोजा.

लाकडी की प्लास्टिक यावर लोक फार भांडतात. लाकडी हाताला छान लागतात, जड असतात, नीट उभ्या राहतात, पण कडांचा रंग उडतो आणि पाण्यात बुडवून धुता येत नाहीत, ओल्या फडक्याने पुसायच्या आणि लगेच कोरड्या करायच्या. प्लास्टिकच्या साबणाने धुता येतात, घरात सर्दीची साथ असते तेव्हा हे सुख काय आहे ते तीन पोरांच्या आईबापाला विचारा. एकमेकींत खटकन अडकणाऱ्या पण मिळतात. त्यांनी गाडी मोडत नाही हे खरं, पण अडकवायला-सोडवायला लहान बोटांना जोर लागतो आणि आयत बनवताना त्या कुचकामी.

वर म्हटलेली बिघडवलेली सुधारणा म्हणजे कांडीवर आकडे छापणे नाहीतर दर सेंमीला खाचा पाडणे. असल्या कृपया घेऊ नका. कोऱ्या कांड्यांचा सगळा जीव यातच आहे की मूल एक एक मोजत बसत नाही, लांबी बघून ओळखतं. खाचा दिसल्या की मोजणार, बोट ठेवून, एक दोन तीन, आणि मग बोटांवर मोजणं काय वाईट होतं? आकडे छापले की 'एक' कोण हे पण छापणाऱ्यानेच ठरवून टाकलं, अपूर्णांक गेले. एखाद्या मुलाला लाल-हिरवा फरक दिसत नसेल तरी चिंता नाही, लांबी तर वेगळी आहेच, फक्त रंगाचं नाव घेऊन सूचना देऊ नका.

सुरुवातीला काहीही शिकवू नका. नुसत्या खेळू द्या, किल्ले, घरं, रस्ते, काय हवं ते, आणि आईबाबांनी तोंड बंद ठेवायचं, हे मला फार जड जातं. दोन-तीन आठवड्यांत पोरं स्वतःच बोलायला लागतात की दोन पिवळ्या म्हणजे एक केशरी. नंतर एक खेळ सांगतो, पाठीमागे हात करून स्पर्शाने कांडी ओळखायची, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत किंवा लांबच्या प्रवासात मस्त चालतो, चार-पाच कांड्या खिशात टाकल्या की झालं.

पाढे मात्र यातून पाठ होत नाहीत. समजतात. पाठ करायला म्हणावेच लागतात, त्यातून सुटका नाही, आणि जो विकणारा सुटका आहे म्हणतो त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

आवरणं हा घरोघरचा रडका विषय, पण इथे रंगानुसार कप्पे असलेला ट्रे घेतलात तर आवरणं धाकटीचं आवडतं काम होतं. ट्रे नसेल तर दहा कप्प्यांची कुठलीही पेटी चालते, फक्त कप्पा १० सेंमीपेक्षा लांब हवा नाहीतर केशऱ्या तिरक्या बसतात आणि झाकण लागत नाही. मोठीला आवरता आवरता एक कोडं घालून ठेवा: ७४ कांड्या एका रांगेत लावल्या तर रांग किती लांब होईल, आधी कागदावर काढ, मग पॅसेजमध्ये लावून टेपने मोज. २ मीटर ८० सेंमी यायला हवी. कमी आली तर एखादी कांडी हरवलीय, आणि किती सेंमी कमी आली त्यावरून कुठली ते पण बहुतेक कळतं.

घ्यायच्याच असतील तर एकच मूल असेल तर ७४ चा सेट पुरे. दोन किंवा जास्त पोरं एकदम बसणार असतील तर मोठा एक सेट घेण्यापेक्षा छोटे दोन घ्या, काळ्या-तपकिरी आठ आठ होतात आणि ७ गुणिले ८ चा प्रश्न मिटतो, शिवाय भांडण झालं तर दोन टोकांना दोन डबे देता येतात. पण दोन्ही एकाच कंपनीचे. वेगवेगळ्या घेतल्यात तर जांभळी एकीकडे गुलाबी निघते आणि दहा पांढऱ्या एका केशरीला केसभर कमी भरतात, आणि तो केसभर फरक बरोबर मधल्याच्याच नजरेला पडणार.