गोबरगॅस वर्षभर वापरून: गॅस चांगला, पाइपाने वैताग, आणि न्हाणीचा धूर

आमचा प्लांट दीनबंधू पद्धतीचा, दोन घनमीटर, जमिनीत बांधलेला विटांचा घुमट. आमच्या भुदरगडकडं (कोल्हापूर जिल्हा) दर दोन-चार घरांआड एक प्लांट असतोच त्यामुळे गोबरगॅस म्हणजे काय ते सांगत बसत नाही. दोन म्हशी, एक गाय, वासरं, घरात सहा माणसं. एक पावसाळा आणि एक हिवाळा काढलाय. आणि आत्ता लिहायला बसले कारण ज्यानं प्लांट बांधला त्याच्याशी गेल्या आठवड्यात फोनवर चांगलंच वाजलंय.

वाजलं ते पाइपावरून. पावसाळा लागला तशी शेगडी फडफडायला लागली. ज्योत निळी, छान लागायची, मग उसळायची, बसायची, मधेच विझायची, आणि तव्यावर भाकरी असली की कड करपलेली आणि मधे कच्ची. फोन केला की एकच उत्तर, "वहिनी, शेण कमी पडतंय, वाढवा." अहो कमी कसं पडेल, दोन घनमीटरला रोज पन्नासेक किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, आमचे हे पाटीनं मोजून कालवतात, एक दिवस चुकवत नाहीत. शेवटी शेजारचे तात्या आले, त्यांचा प्लांट जुना आहे, त्यांनी शेगडीची नळी सोडून खाली बादलीत धरली तर तांब्याभर पाणी निघालं! टाकीतला गॅस दमट असतो, पाइपात गार झाला की वाफेचं पाणी होतं, आणि पाइपाला जिथं झोळ असेल तिथं ते साचून बसतं, मग गॅस त्या पाण्यातनं बुडबुडत येतो म्हणून ज्योत उड्या मारते. यावर उपाय इतका साधा आहे की राग येतो. पाइपाला सलग उतार द्यायचा, सगळ्यात खालच्या जागी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक कॉक बसवायचा, आठवड्यानं उघडून पाणी सोडायचं. दोनशे रुपयांचं सामान नाही हो ते. आमच्याकडं गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पाइप नुसता मातीत पुरून टाकलेला, मधे झोळ, कॉकचा पत्ता नाही. चाळीस हजारांच्या वर खर्च झालाय या प्लांटला, आणि तो माणूस अख्खा पावसाळा मला शेण वाढवा सांगत राहिला. पाइप उकरून कॉक आम्हीच बसवला. त्या दिवसापासून ज्योत एकसारखी आहे.

शेगडीचं एक सांगते, या गॅसमधे गंधकाचा अंश असतो (कुजक्या अंड्यासारखा वास त्याचाच), तो पितळेला खातो, त्यामुळे शेगडीची चावी घट्ट होत जाते, अधूनमधून काढून ग्रीस लावायचं. जेवणाला वास लागत नाही, सगळे तेच विचारतात म्हणून लिहिलं. आणि गळती बघायला काडी ओढायची नाही, साबणाचा फेस लावून बघायचं.

डिसेंबरात गॅस उतरला तेव्हा मी ठरवलं होतं की कुणी विचारलं तर नका घेऊ म्हणून सांगायचं. आता ते मत राहिलं नाही. गॅस तयार करणारे जंतू थंडीत मंदावतात, ते कुणाच्याच हातात नाही, पण आम्ही दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवायला लागलो आणि घुमटावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाकला, तर रात्रीच्या जेवणापुरता गॅस परत यायला लागला. सकाळचा चहा तेवढा सिलिंडरवर.

पैशाचं बघा. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण ४३० ग्रॅम एलपीजी. दोन घनमीटर पूर्ण निघाला तर १४.२ किलोचा सिलिंडर सोळा-सतरा दिवसांत वसूल. पूर्ण कधीच निघत नाही, पण आधी महिना-सव्वा महिन्याला सिलिंडर लागायचा तो आता आठ महिने निघालाय. सबसिडी आमच्या वेळी खुल्या गटाला २ ते ४ घनमीटरसाठी १४,३५० रुपये होती, अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात. पण माझ्या मते खरा फायदा स्लरीत, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतनं बाहेर येणाऱ्या शेणकाल्यात आहे आणि तो कुणी धरतच नाही. आधी अर्धं शेण शेणी थापून चुलीत जायचं, म्हणजे शेतातलं खत जाळायचं आणि वर दुकानातनं युरिया आणायचा. आता गॅस काढून घेतल्यावरही नत्र स्लरीत राहतंच, ती सगळी उसाला जाते.

आता ज्याच्यासाठी प्लांट घेतला ते. आमच्या सासूबाई, आत्ती. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या. जळण ओलं असलं की फुंकणी घेऊन फुंकायच्या, डोळे लाल व्हायचे, तरी बसून राहायच्या. खोकला, जिना चढताना दम. गारगोटीत डॉक्टरांनी विचारलं बिडी ओढता का. तंबाखूची मिश्रीसुद्धा नाही लावली हो कधी त्यांनी! मग फुंकायची मशीनवरची टेस्ट झाली, सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या आकसून दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. पुण्याचे फुप्फुसांचे डॉक्टर संदीप साळवी कितीतरी वर्षं हेच सांगतायत की सिगरेट न ओढणाऱ्या बायकांना सीओपीडी होतो तो चुलीच्या धुरानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० साली घरातल्या धुरानं जगभरात ३२ लाख माणसं गेली. आणि आपल्याकडं अजून म्हणतात, चुलीवरच्या भाकरीला चव असते. ती भाकरी थापणारीच्या छातीत काय जातं ते कुणी बघत नाही.

स्वयंपाकघरात आता धूर नाही. भिंत रंगवली ती तशीच पांढरी आहे. पण आत्तींचा खोकला मी धरलं होतं तेवढा कमी झाला नाही, आणि कारण न्हाणीमागं होतं. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. सहा माणसांचं पाणी दोन घनमीटरवर तापवायचं तर जेवण होत नाही. पहाटे उठून चिपाडं आणि शेणी घालून हंडा ठेवणार त्याच, आणि ऊब लागते म्हणून तिथंच बसणार. उघड्यावर आहे म्हणून मी त्याचं काही मनावर घेतलं नव्हतं, डॉक्टर म्हणाले तोंड जाळापासून हातभर अंतरावर असेल तर उघडं काय आणि बंद काय. तेव्हापासून हंडा मी ठेवते आणि जाळ लागला की बाजूला होते, आत्तींना तिकडं फिरकू देत नाही. त्या रागावतात, रागावू देत. रात्रीचा खोकला या महिन्यात कमी आहे.

पण मग तो धूर माझ्या वाट्याला आला, हे काही उत्तर नाही. पाणी तापवायच्या सोलरचं कोटेशन घेतलंय, पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही आणि आमच्याकडं पाऊस चार महिने. म्हणून विचारते, तीन किंवा चार घनमीटरवर कुणी आंघोळीचं पाणी तापवत असेल तर जनावरं किती, शेण किती टाकता आणि हिवाळ्यात पुरतं का ते लिहा. आणि नवीन बांधणाऱ्यांनी पाइपाचा उतार आणि पाण्याचा कॉक आधी कागदावर लिहून घ्या, मगच ॲडव्हान्स द्या.