स्वतः खोललेला गिअरबॉक्स, घरी आला दुसराच

२५,१०० रुपये. भंगार यार्डातल्या एका जुन्या गिअरबॉक्सपायी माझे एवढे गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी सांगितला की तोवर लोक हसून मोकळे झालेले असतात. "भंगारात गेलास आणि फसलास, यात नवल ते काय?" हे वाक्य मेव्हण्याकडून ऐकलं, ऑफिसात ऐकलं, पोलीस चौकीत तर दोनदा ऐकलं. म्हणून सांगतो, गोणपाटात बांधून दिलेला माल मी डोळे झाकून उचललेला नाही. उभ्या गाडीतून तो गिअरबॉक्स मी आणि माझ्या मिस्त्रीनं, आमच्याच पान्यांनी, साडेतीन तास मे महिन्याच्या उन्हात खपून काढला. तरी घरी आला तो दुसराच.

गाडी २०१२ ची डिझेल स्विफ्ट. दुसरा गिअर टाकताना खर्रकन ओरडायची. मिस्त्रीनं अंदाज दिला होता, बॉक्स खोलून सिंक्रो रिंगा (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) आणि बेअरिंगं बदलायची, ११,५०० रुपये, आठ-दहा दिवस. आता ऐकणारे म्हणतात, मग तेच का नाही केलं? अहो, मला गाडी रोज लागते, जाऊन-येऊन ६८ किलोमीटर. शिवाय खोललेल्या बॉक्समधून पुढे काय काय निघेल याचा नेम नसतो, अकराचे अठरा व्हायला वेळ लागत नाही. त्यात कुणीतरी जुन्या गाड्यांच्या या भंगार यार्डाचं सांगितलं. तिथं गाड्या उभ्या असतात, आपली हत्यारं न्यायची, हवं ते आपल्या हातानं काढायचं आणि वजनावर नाही, नगावर पैसे द्यायचे. काढून, पुसून, रॅकवर ठेवलेल्या मालात खोट असते. उभ्या गाडीतल्या मालाला अजून कुणाचा हात लागलेला नसतो. हे माझं गणित होतं. ते आजही बरोबर आहे असं माझं म्हणणं आहे. घोळ झाला तो काढल्यानंतरच्या वीस मिनिटांत.

गाडीही मी विचार करून निवडली. तिथं चार स्विफ्ट होत्या. दोन पुढून ठोकलेल्या, त्या सोडल्या, कारण पुढून मार बसला की इंजिन मागे सरकतं आणि बॉक्सच्या पिंजऱ्याला (बाहेरच्या कवचाला) बारीक तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. एक पुराची होती, सीटखाली गाळ वाळून पापुद्रे सुटलेले. चौथी पांढरी, मागून ठोकलेली, डिकी थेट मागच्या सीटवर आलेली, पण बॉनेटखाली सगळं जागच्या जागी. एक्सल सोडवले, स्टार्टर काढला, मिस्त्री खाली आणि मी वर. बॉक्स खाली आल्यावर ऑइल सोडलं, दोन बोटांवर घेऊन चोळलं, उन्हात धरलं. काळपट होतं, पण धातूच्या चुऱ्याची चमचम नव्हती. इनपुट शाफ्ट (इंजिनाकडचा दांडा) हातानं हलवून पाहिला, खेळ नव्हता. पाचही गिअर हातानं टाकून पाहिले. यापेक्षा जास्त कुणी काय करतं ते मला सांगा.

काढताना एक गोष्ट झाली. रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर निघेना. मी घाईत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि स्विचचा प्लास्टिकचा छोटा कान कट्कन तुटला. नखाएवढा निळसर तुकडा, तो माझ्या चपलेजवळ मातीत पडला. मिस्त्री म्हणाला, "राहू दे, टेप मारू." हा कान लक्षात ठेवा. मी नाही ठेवला.

भाव १८,००० वरून १४,५०० वर आला. माझा जुना बॉक्स आम्ही नमुना जुळवायला टेम्पोत घालून नेला होता. यार्डवाला म्हणाला, "हा परत नेऊन काय करता साहेब, घरी अडगळ. अडीच हजार धरतो." १४,५०० मधून २,५०० गेले, राहिले १२,०००. सात हजार मोबाइलवरून, पाच रोख, कारण त्याला "थोडे कॅश द्या" हवे होते. मोबाइलवर पैसे घेणाऱ्याचं नाव भलतंच आलं, कुणा बाईंचं. विचारलं तर म्हणे वहिनीचं खातं आहे. इथेच थांबायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण वहिनीच्या खात्यावर पैसे घेणारे आपल्याकडे काय कमी आहेत?

मग तो म्हणाला, बॉक्स ऑइलनं बरबटलाय, टेम्पोवाला कुरकुर करेल, पोरगा धुऊन, कलरचा एक हात मारून देईल, तोवर चहा घ्या. मिस्त्री हात धुवायला नळावर गेला. मी खुर्चीत बसलो. पंख्याखाली. साडेतीन तास ज्या वस्तूवरून नजर हलवली नाही, ती पैसे दिल्यावर पत्र्याच्या शेडमागे गेली आणि मी चहा पीत बसलो. वीस मिनिटं. ३०० रुपये त्या पोराला धुलाईची बक्षिशी म्हणून वर दिले, तेही स्वखुशीनं.

बॉक्स आला तो चंदेरी, चकचकीत, रंग अजून ओला. टेम्पोत चढवताना माझ्या बोटांना रंग लागला, तो मी पॅन्टला पुसला. तो डाग अजून आहे, बायको म्हणते फेकून द्या, मी फेकत नाही. आणि तेव्हाच मला तो स्विच दिसला. कान शाबूत. निळसर, अख्खा. मी पाहिला, मला तो दिसला, माझ्या मनात आलं की अरे, हा तर मी तोडला होता. आणि पुढच्या क्षणाला माझ्या डोक्यानं काय केलं? मी मिस्त्रीला म्हणालो, "बघ, स्विचसुद्धा बदलून दिला बरं का. माणूस चांगला दिसतो."

हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. पैसे गेले ते गेले, पण मी त्याचं कौतुक केलं. मिस्त्री तेव्हा गप्प राहिला. नंतर म्हणाला, मलाही जरा वाटलं होतं, पण तुम्हीच खूश होता. धन्य आहे!

आता पुढचा खर्च ऐका. बसवायची मजुरी ४,५००. ऑइल १,१००. एक्सलचे दोन सील ६४०. यार्डातल्या दिवसाची मिस्त्रीची वेगळी हजेरी १,०००. टेम्पो १,८००. तिसऱ्या दिवशी चढावर तिसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला आला, मागे एसटी होती. नवं घातलेलं ऑइल सोडलं तर थाळीत सोनेरी आणि चंदेरी चुरा, रांगोळीसारखा. सोनेरी म्हणजे पितळेच्या सिंक्रो रिंगा, चंदेरी म्हणजे गिअरचे दात. जोडावर दोन रंगांचं सीलंट, म्हणजे हा बॉक्स आधी किमान दोनदा खोललेला. उतरवायचे पुन्हा २,५००. यार्डाच्या दुसऱ्या खेपेचं डिझेल आणि टोल १,२६०. वरचे १२,००० आणि ३०० धरून करा बेरीज.

दुसऱ्या खेपेला बॉक्स घेऊन गेलो. यार्डवाला शांत. "साहेब, इथनं गेला तेव्हा फर्स्ट क्लास होता. तुमच्या मिस्त्रीनं क्लच नीट बसवला नसंल. आणि तुम्ही स्वतः काढला होता ना? मग?" यावर काय बोलणार? तोच तर त्यांचा डाव आहे. आपण स्वतः काढला, म्हणजे आपणच पारखला, म्हणजे दोष आपला. आपल्या घामाचीच पावती करून आपल्याच हातात देतात. मी तुटलेल्या कानाचं सांगितलं. तो हसला. मी त्या पांढऱ्या गाडीजवळ जाऊन तुकडा मातीत शोधायला लागलो. गाडी तिथं नव्हती, कटिंगला गेली होती.

आणि परत येताना शेडच्या बाजूला घोडीवर (स्टँडवर) मला माझाच जुना बॉक्स दिसला. चंदेरी. दोन वर्षांपूर्वी दगड लागून त्याला खालून तडा गेला होता, तिथं मी स्वतः एम-सील लावलं होतं, माझ्या अंगठ्याचा ठसा आहे त्यावर. रंगाखालूनही ओळखला. भाव विचारला. पोरगा म्हणाला, "पंधरा हजार, चालू गाडीचा आहे."

मी चौकीत गेलो. "गाडी चोरीची आहे का? नाही ना? मग हा दिवाणी मामला." मी म्हटलं, एक वस्तू दाखवून पैसे घेतले आणि दुसरी दिली, ही फसवणूक नाही का? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, पूर्वीचं ४२०. हवालदारसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कुणाला तरी बॉक्स विकलाय. "भंगारातला माल घेता आणि गॅरंटी मागता?" मग हद्दीचा प्रश्न निघाला. यार्ड त्यांच्या हद्दीत, मी राहतो दुसऱ्या. घराजवळच्या ठाण्यात गेलो तर ते म्हणाले, घटना तिकडची, तिकडेच जा. शून्य क्रमांकानं गुन्हा कुठेही नोंदवता येतो असं म्हटलं, तर "तुम्ही वकील आहात का?" नाही हो. असतो तर मेमध्ये उन्हात पाना फिरवत बसलो असतो का?

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना?" मग झालं. १९३० ला फोन केला, तिथं ऑनलाइन फसवणुकीचं पाहतात, समोर उभं राहून दिलेले पैसे त्यात बसत नाहीत म्हणे. ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बाई अतिशय गोड बोलल्या, हे मान्य करतो. विक्रेत्याचं नाव? जीएसटी क्रमांक? बिल? माझ्याकडे काय होतं तर वहीतून फाडलेला कागद, "गेअर बाक्स १ नग, नो ग्यारंटी", खाली सहीच्या जागी एक वेटोळं. यार्डावरच्या पाटीला नावच नाही, "सर्व गाड्यांचे जुने पार्ट मिळतील" एवढंच. गंमत बघा, बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण ती तक्रार करायला पहिल्यांदा विचारतात ते बिल. वकिलांनी नुसत्या नोटिशीचे ८,००० सांगितले. आता जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मला एकाही कार्यालयानं सांगितलं नाही. पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं लेखी अर्ज धाडलाय. पोच आलीय. बाकी काही नाही.

तुम्ही जाणार असाल तर जा, मी कुणाला अडवत नाही, खरंच स्वस्त पडतं. पण पार्ट निघाला की पैसे द्यायच्या आधी त्यावर खिळ्यानं खूण करा, अशा जागी की जिथं रंग बसत नाही. फोटो काढा, नंबर असेल तर नंबराचा. धुऊन देतो म्हणाला तर नको म्हणा, घाण माल घाण गोणीतच आणा. कलर तर मुळीच नको. जुन्या मालाला ओला रंग म्हणजे काहीतरी झाकलंय. इंजिन कागदाशिवाय घेऊच नका, इंजिनाचा नंबर आरसीवर असतो, चोरीच्या गाडीचं निघालं तर मी ज्या चौकीत रडत गेलो तिथं तुम्हाला बोलावून नेतील. एअरबॅग तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. एक्स्चेंजमध्ये आपला जुना माल सोडू नका, नंतर दुरुस्त करायलाही तोच लागतो. माझा असता तर ११,५०० मध्ये काम झालं असतं. आणि पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं आलं की चहा पिऊ नका.

परवा तिसऱ्यांदा गेलो होतो, अर्जासाठी पाटीचा फोटो काढायला. घोडी रिकामी होती. म्हणजे माझा बॉक्स कुणीतरी नेला. ज्यांनी नेला त्यांनी एकदा गाडीखाली हात घालून पाहावं. खालच्या बाजूला, रंगाखाली, बोटभर एम-सील लागेल आणि त्यावर एक अंगठा. तिसरा, चौथा, पाचवा उत्तम आहेत. दुसरा टाकताना जरा थांबून टाका.