४ आणि ८ जीबीची विजोड रॅम, जुन्या एच६१ बोर्डावर: वापरानंतरचा अनुभव

मशीन इंटेलच्या आय३-३२२० प्रोसेसरचं, मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा, रॅमचे स्लॉट दोनच. एकात पहिल्यापासूनची ४ जीबी, १३३३ वेगाची. काम लग्नपत्रिका आणि बॅनरचं. कोरलड्रॉ उघडं, मागे क्रोममध्ये व्हॉट्सअॅप वेब, समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणतंय "नाव जरा मोठं करा", आणि स्क्रीन ढिम्म. लग्नसराई उरकल्यावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबीची जुनी डीडीआर३, १६००ची, उचलली. रॅम एकाच कंपनीची, जोडीनंच लावावी लागते असं बरेच जण छातीठोक सांगतात. तसं काही नाही.

रॅमवरचा स्टिकर मात्र नीट वाचा. पीसी३-१२८००यू यातला शेवटचा यू म्हणजे डेस्कटॉपची रॅम. तिथे आर असेल तर ती सर्व्हरमधून काढलेली. स्वस्त मिळते, पण या बोर्डात चालत नाही. "फक्त एएमडीसाठी" म्हणून विकतात त्या ८ जीबीच्या पट्ट्याही इंटेलवाल्यांनी लांबच ठेवाव्यात. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मात्र १.५ व्होल्टवरही बिनतक्रार चालते. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर आधी ते बदला, नाहीतर ४ जीबीच्या पुढचं सगळं वाया.

नवी पट्टी आधी एकटीच लावली आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवलं. सकाळी स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळींची रांग! दुकानदारानं कुरकुर करत बदलून दिली. दुसरी एकटी पास, मग जुनीसोबतही पास. आधीच दोन्ही एकत्र लावल्या असत्या तर दोष कुणाचा ते शोधत बसावं लागलं असतं.

एकत्र आल्यावर दोन्ही १३३३वरच चालतात, १६००चा मान गेला. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ६६५ दिसतं, त्यानं दचकू नका. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून ते दुप्पट धरायचं. ४ आणि ८ असल्यामुळे दोन्हींतले चार-चार जीबी ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी, आणि उरलेले चार सिंगलमध्ये. इंटेल याला फ्लेक्स मोड म्हणतं. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला कदाचित जाणवेल. पत्रिकेच्या कामात मला तरी काडीचा फरक दिसला नाही. फरक पडला तो १२ जीबीचा. आता कोरल, क्रोम आणि फोटोशॉप एकत्र उघडे ठेवतो.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत निळी स्क्रीन एकदाही नाही. फक्त आमच्या चिपळूणच्या दमट हवेत एका सकाळी डिस्प्ले गायब, नुसतं बीप-बीप. पट्ट्या काढल्या, सोनेरी पिनांवर खोडरबर फिरवला, दोन्ही बाजूंचे क्लिप कट्कन बसेपर्यंत दाबल्या. पुन्हा तक्रार नाही. मशीन सुरू व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ घेतं. तो प्रश्न हार्डडिस्कचा, रॅमचा नाही.

याहूनही जुन्या जी४१ चिपसेटच्या बोर्डवाल्यांनी हे वाचून ८ जीबीची पट्टी आणू नये. तिथे एकूण मर्यादाच ८ जीबीची, आणि ४ जीबीची पट्टीही १६ चिप्सवाली बघून घ्यावी लागते. ८ चिप्सवाली बहुधा नीट ओळखतच नाही.

माझ्याकडची ४ काढून आणखी एक ८ टाकली तर १६ होतील, एच६१ची मर्यादाही तेवढीच. पण विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि हा आय३ विंडोज ११च्या यादीत नाही. त्यामुळे या मशीनवर आता पैसे घालणार नाही.