लिब्रेऑफिस कॅल्क: भूमिगत बोअरहोलचा डेटा तयार करायला कितपत कामाचं?

मोईल (मँगनीज) आणि वेकोलि (कोळसा) या दोन खाण कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात, त्यामुळे बोअरहोलचा डेटा खाणीचं मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणं हे इथं नेहमीचं काम. कॉलर (होलच्या तोंडाची जागा), सर्व्हे (खोलीनुसार होलची दिशा आणि कल), ॲसे (नमुन्यांची रासायनिक तपासणी), लिथॉलॉजी (खडकांचे प्रकार) अशी चार टेबलं, आणि ती बहुधा एक्सेलमध्येच बनतात. तिथपर्यंत ठीक. सीएसव्हीची (सॉफ्टवेअरला द्यायच्या साध्या मजकूर फाइलची) पायरी मात्र कॅल्क या लिब्रेऑफिसच्या मोफत स्प्रेडशीटमध्ये करावी.

एक्सेलमध्ये सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की ‘३-१२’ नावाच्या होलची तारीख होते, ‘००७’ चा नुसता ७ उरतो, आणि फाइल सेव्ह झाली की मूळ नाव गेलंच. कॅल्क आधी विचारतं: कॅरेक्टर सेट कोणता, सेपरेटर कोणता, कुठला कॉलम कसा वाचू? होल आयडीच्या कॉलमवर क्लिक करून ‘टेक्स्ट’ निवडायचं, झालं. (नव्या एक्सेलमध्येही हे आपोआप बदलणं बंद करता येतं, पण प्रत्येक कॉम्प्युटरवर आठवणीनं करावं लागतं. कोण करतं?)

कॅल्कची खोड सेव्ह करताना कळते. ‘सेव्ह सेल कंटेंट ॲज शोन’वर टिक आधीपासूनच असते, म्हणजे पडद्यावर दिसेल तेच फाइलमध्ये जातं. कॉलम दोन दशांशांवर असेल तर तिसरा गळतो. ३,०१,२४५.६७ असा लाखाचा स्वल्पविराम दिसत असेल तर तोही फाइलमध्ये जातो, आणि इम्पोर्ट करताना ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर दाखवणारा कोऑर्डिनेट) आकडा न राहता मजकूर होतो. ती टिक काढाच.

आता जे कोणतीच स्प्रेडशीट पकडत नाही ते. सरपॅक आणि डेटामाइन ही खाणीच्या मॉडेलची सॉफ्टवेअर. सरपॅकमध्ये खाली जाणारा डिप (होलचा आडव्या पातळीशी कोन) उणे, डेटामाइनमध्ये अधिक. ओपनकास्टला चूक झाली तर होल आकाशात गेलेलं लगेच दिसतं. ड्राइव्हमधून (भूमिगत बोगद्यातून) मारलेल्या फॅनमध्ये, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या होलांमध्ये, मात्र वर जाणारी होलंही खरीच असतात. अख्खा फॅन उलटा झाला तरी एकही एरर येत नाही. म्हणून ड्रिलरच्या शीटवरून ‘वर’ किंवा ‘खाली’ असा वेगळा कॉलम भरावा आणि डिपच्या चिन्हाशी ‘इफ’ फॉर्म्युला लावून ताडून पाहावा. तिथंच आणखी एक पाहा: ६२ अंश ३० मिनिटं म्हणजे ६२.५, पण टायपिंगमध्ये हमखास ६२.३० होतं. मिनिटांना ६० नं भागून मगच जोडायचं.

सर्व्हेत शून्य खोलीची ओळ हवी. ॲसे आणि लिथॉलॉजीत एकाच होलमध्ये वरच्या ओळीचं ‘टू’ (तुकडा संपतो ती खोली) आणि खालचं ‘फ्रॉम’ (सुरू होतो ती खोली) जुळलं नाही तर कंडिशनल फॉरमॅटिंगनं लाल करा. फॉस्फरसच्या कॉलममधलं ‘<०.०१’ (०.०१ पेक्षा कमी) तसंच ठेवलं तर सॉफ्टवेअर ते नाकारतं किंवा रिकामं धरतं. डिटेक्शन लिमिटच्या (प्रयोगशाळा मोजू शकते त्या किमान प्रमाणाच्या) निम्मी किंमत घालण्याची पद्धत आहे, फक्त रिकाम्या जागी शून्य भरू नका. न तपासलेला नमुना म्हणजे शून्य ग्रेड नव्हे. गोंडाइट हा मँगनीजचा खडक तीन स्पेलिंगांनी लिहिला असेल तर मॉडेलमध्ये तीन खडक होतात.

नागपूर यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-ग्रिडच्या ४४ क्रमांकाच्या झोनमध्ये: ईस्टिंग ६ अंकी, नॉर्दिंग (उत्तरेकडचा कोऑर्डिनेट) ७ अंकी, त्यामुळे अदलाबदल नजरेत भरते. खाणीच्या स्वतःच्या लोकल ग्रिडवर ही सोय नाही. तिथं ग्रिड फिरवताना ॲझिमथही (होलचा उत्तरेपासूनचा दिशाकोन) तेवढाच फिरवावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

सेव्ह करताना फक्त समोरची शीट सीएसव्हीत जाते. चार टेबलं, चार वेळा सेव्ह. लाखांनी ओळी असलेल्या जिओफिजिकल लॉगवर (होलमध्ये उपकरण सोडून घेतलेल्या नोंदींवर) कॅल्क रेंगाळतं. तेवढ्यापुरतं एक्सेलचं पॉवर क्वेरी हे डेटा आत घेण्याचं साधन बरं.