टपाल तिकिटं विकताना: ईबेचा लिलाव की स्वतःचं ऑनलाइन दुकान?

ईबेचं भारतातलं संकेतस्थळ १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झालं. तेव्हापासून तिकिटं, फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट), काडेपेटीची लेबलं असा माल इथून ईबेवर विकणारा माणूस निर्यातदार झाला. ग्राहक परदेशातला, पैसे पेओनियर या परदेशी पैसे पोचवणाऱ्या सेवेमार्फत. पुण्याच्या किंवा दादरच्या विक्रेत्याला थोडा जम बसला की प्रश्न पडतो: स्वतःची वेबसाइट काढून ईबेचं गिऱ्हाईक तिकडे वळवता येईल का? येतं, पण बहुतेक जण ज्या वाटेने प्रयत्न करतात त्या वाटेने नाही.

आधी हिशेब. ४० डॉलरचं तिकीट, ८ डॉलर टपालखर्च. ईबेचं कमिशन टपालखर्चासकट पूर्ण रकमेवर लागतं. ते १३ टक्के धरलं, तर ४८ डॉलरवर सव्वासहा डॉलर गेले. त्यावर प्रत्येक ऑर्डरचा ठरावीक आकार आणि परदेशी विक्रीचं शुल्क वेगळं. स्वतःच्या दुकानात पेपॅलने पैसे घेतले, तर ४.४ टक्के आणि ३० सेंट, म्हणजे साधारण २.४० डॉलर. एका विक्रीमागे चारेक डॉलर वाचले. मात्र हे गिऱ्हाईक आपल्या पायांनी आलं असेल तरच. जाहिरात देऊन आणलेल्या नव्या माणसावर हे चार डॉलर केव्हाच खर्च होतात.

स्वस्त मालात चित्र निराळं दिसतं. तीन डॉलरच्या सुट्या तिकिटावर ईबेचा टक्का आणि ठरावीक आकार मिळून जवळजवळ चौथा हिस्सा जातो. पेपॅलचेही ३० सेंट तेवढेच बोचतात. पण स्वतःच्या दुकानात ‘किमान ऑर्डर १५ डॉलर’ अशी अट घालता येते. लिलावात एका लॉटच्या (एका बोलीत विकल्या जाणाऱ्या मालाच्या) विजेत्याला आणखी चार घ्यायला लावता येत नाही. संग्राहक संच पुरे करण्यासाठी एका वेळी सात-आठ सुटी तिकिटं घेतो. त्याला हवी असते वर्षवार, किंमतवार लावलेली यादी, आणि ती स्वतःच्या दुकानातच नीट मांडता येते.

लिलाव शोभतो तो दुर्मीळ मालाला. १५ ऑगस्ट १९४८ च्या गांधी संचातलं दहा रुपयांचं तिकीट घ्या. त्याची किंमत डिंक, दातेरी कड आणि शिक्क्याच्या स्थितीवर हलते, शिवाय बनावट तिकिटांचा सुळसुळाट आहे. अशा वेळी दोन हट्टी बोलीदार भिडले, तर तुम्ही लावली नसती एवढी किंमत येते. पुढची-मागची बाजू मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून टाका. शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात, त्यात वर्ष, मूल्य आणि स्थिती बसवा. सात दिवसांचा लिलाव भारतातल्या सोमवारी सकाळी साडेसहाला सुरू करा, म्हणजे तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी रात्री नऊला संपेल (तिकडे हिवाळी वेळ लागली की इथे साडेसातला सुरू करा). दुपारच्या जेवणानंतर सवडीने चढवलेला लिलाव तिकडे पहाटे संपतो आणि बोली पडतच नाही.

आता दोन्हींमधला पूल. लिलावाच्या वर्णनात आपल्या वेबसाइटचा दुवा, ईमेल, फोन देणं ईबेच्या नियमांत बसत नाही. निरोपातून ‘बाहेर घ्या, स्वस्तात देतो’ म्हणणं तर सर्वांत महागात पडतं. लिस्टिंग (विक्रीसाठी टाकलेली नोंद) उडतं, खात्यावर बंधनं येतात. सदस्यनावात ‘डॉट कॉम’ घालता येत नाही, फोटोवर जाहिरातीचा मजकूर चिकटवता येत नाही. गिऱ्हाइकाचा पत्ता पाकिटावर लिहायला मिळालेला असतो. तो उचलून आपल्या मेलिंग यादीत टाकणं हाही नियमभंगच, आणि तक्रार यायला एक चिडका माणूस पुरतो.

उरतं ते नाव. ईबेवरचं सदस्यनाव, तिथल्या स्टोअरचं नाव आणि वेबसाइटचं नाव अक्षरशः एकच ठेवा. ते ‘इंडिया स्टॅम्प्स’सारखं सामान्य नसावं, नाहीतर शोधणाऱ्याला शंभर दुकानं दिसतील. पाकिटात तिकीट जपण्याच्या सूचनांचं कार्ड घालता येईल, त्यावर हे नाव ठळक असू द्या. ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या’ हे मात्र लिहू नका. ज्याला पुन्हा हवं असतं तो नाव शोधतो.

उलटी वाट मोकळी आहे. स्वतःच्या साइटवरून, इन्स्टाग्रामवरून ईबेच्या लिलावाचा दुवा बिनधास्त द्या. महिन्यातले दोन-तीन मोठे लॉट असे जाहीर केले, तर आपले जुने संग्राहक बोलीत उतरतात. कमिशन जातं, पण चुरस वाढते. साइटवर ‘काय हवंय’ असा छोटा फॉर्म ठेवा: देश, काळ, मिंट (कोरं) की वापरलेलं, ईमेल, आणि पत्रं पाठवायला संमती. नफ्याचं खरं मूळ या यादीत आहे, दुकानाच्या रंगरंगोटीत नाही. वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकान उभारायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, होस्टिंग आणि डोमेनचा खर्च तेवढा येतो, सुरुवातीला पुरे.

नियमांइतकाच घोळ साठ्यात होतो. एकच नग दोन्हीकडे लावला, लिलावात बोली पडली आणि त्याच रात्री वेबसाइटवर तो विकला गेला, तर ईबेवरचा सौदा रद्द करावा लागतो आणि खात्यावर दोष नोंदला जातो. असे दोष दोन टक्क्यांवर गेले की दर्जा घसरतो आणि शोधात तुम्ही खाली जाता. म्हणून एकेकटा दुर्मीळ नग फक्त लिलावात, चार-पाच प्रती असलेलं तिकीट फक्त दुकानात.

आयईसी क्रमांक (आयात-निर्यातीसाठीचा सरकारी क्रमांक) आणि ट्रॅकिंग असलेलं टपाल दोन्हीकडे लागतंच. फरक सीमाशुल्काचा. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची सरसकट शुल्कमाफी थांबवली. स्वतःच्या दुकानात शुल्क कुणी भरायचं हे पैसे घेण्यापूर्वीच्या पानावर तुम्हालाच लिहावं लागतं. लिहिलं नाही, तर पार्सल परत येतं आणि वादही तुमच्याच दारात. नाणीही विकत असाल तर शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे बाहेर पाठवता येत नाही, दुकान कुठलंही असो.

सुट्या तिकिटांचे दोनशे-तीनशे नग आणि पुन्हापुन्हा घेणारे वीसेक संग्राहक जमेपर्यंत वेबसाइटची घाई नको. तोवर ईबेवरच ठरावीक किमतीत सुटा माल लावा आणि दुकानाच्या नावाचं डोमेन तेवढं आजच घेऊन ठेवा.