जॉन वेनची टोपी कापली आणि माझे 25 डॉलर गेले

जुने इंग्लिश पिक्चर ऑनलाइन डीव्हीडीवर मागवत असाल तर दोन मिनिटं काढून वाचा, मी पुरता गंडलोय.

आमचे सासरे, नाना, सध्या इकडे न्यू जर्सीला आलेत, हॉलिवूडचा काउबॉय हिरो जॉन वेन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हटलं पंच्याहत्तरीला 'मॅक्लिंटॉक' देऊ, 1963 चा, ज्यात मॉरीन ओहारा दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला, म्हणजे वेनला, सोडून गेलेली असते, मुलगी कॉलेजातून घरी येणार म्हणून ही घटस्फोट मागायला परत येते आणि मग अख्ख्या गावादेखत दोघांची जुंपते. आमच्या घरात नाना आणि आईंचं रोज चहावरून जे चालतं तेच, फक्त घोड्यांसकट.

एका मोठ्या साइटवर एक सेलर सापडला. लिस्टिंगमध्ये 'मूळ निगेटिव्हवरून रिस्टोअर केलेली, वाइडस्क्रीन, कलेक्टर्स एडिशन', 19 डॉलर, वर 6 शिपिंग. कव्हरचा फोटो एकदम झकास, मी लगेच ऑर्डर मारली. पाकीट आलं ते न फोडताच कपाटात ठेवलं, सरप्राइज ना! तिथेच माती खाल्ली, कारण वाढदिवस पाच आठवड्यांनी होता आणि रिटर्नची मुदत 30 दिवस.

वाढदिवसाला केक-बिक झाल्यावर केस उघडली तर डिस्कची खालची बाजू जांभळट, म्हणजे सरळसरळ कुणीतरी घरी बर्न केलेली. तरी लावली. रंग उडालेले, सगळ्यांचे चेहरे विटकरी. हा पिक्चर रुंद पडद्याच्या पॅनाव्हिजनमध्ये शूट झालाय, चित्र उंचीच्या 2.35 पट रुंद. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी त्याच्या बाजू कापल्या की 43 टक्के चित्र गेलं. आमच्या सेलरने ती आधीच कापलेली कॉपी घेऊन वाइडस्क्रीन दिसावी म्हणून वरून-खालून परत छाटली होती!! चिखलातली ती प्रसिद्ध मारामारी आली तर पडद्यावर नुसते खांदे आणि चिखल, कोण कुणाला हाणतंय पत्ता नाही. नाना बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "जावईबापू, ह्याची टोपी कुठे गेली हो?" खरंच, जवळच्या प्रत्येक शॉटमध्ये वेनची टोपी अर्धी कापलेली.

सेलरला मेसेज टाकला तर उत्तर, पिक्चर पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे त्यावर आता कुणाचाच कॉपीराइट नाही, आम्ही काही बेकायदेशीर विकत नाही. आता हे खरंय, आणि इथेच मेख आहे. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट 28 वर्षांनी रिन्यू करावा लागायचा, ह्या पिक्चरचा राहून गेला. 1964 पासूनच्या पिक्चरचा तो पुढे आपोआप रिन्यू झाला, म्हणजे एका वर्षाने हुकलं बघा. त्यामुळे कोणीही उठून ह्याची कॉपी विकू शकतो. पण मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातली अस्सल फिल्म, वेनच्याच बॅटजॅक कंपनीकडे राहिली, मग ह्या बाबाकडे 'मूळ निगेटिव्हवरून' कुठून आलं? हे विचारलं तर उत्तरच नाही. वाईट रिव्ह्यू टाकल्यावर मात्र तासाभरात मेसेज, रिव्ह्यू काढा, 5 डॉलर परत देतो. नाही काढला. साइटवाले म्हणे मुदत संपली.

तर पाकीट आल्या आल्या फोडा, डिस्क उलटी करून बघा, जांभळट असेल तर लगेच परत. घेण्याआधी मागच्या कव्हरचा फोटो मागा, वाइडस्क्रीन पिक्चरवर 'फुल स्क्रीन' (म्हणजे चौकोनी टीव्हीसाठी कापलेलं) लिहिलेलं दिसलं तर नकोच. मी शेवटी पॅरामाउंटची ब्लू-रे घेतली, 2014 ची, त्यात टोपी शाबूत आहे. शेवटी वेन बायकोला भर गावात कोळशाच्या फावड्याने बडवतो तेव्हा आई म्हणाल्या, "हा एवढा भाग कापला असता तर चाललं असतं."

काल सहज शोधलं तर तीच लिस्टिंग, तोच फोटो, सेलरचं नाव तेवढं नवीन. आणि किंमत 22 डॉलर.