शेवंडीच्या जाहिरातीत गेलेले १४,२५० रुपये

‘समुद्राला लागून घर, तीन रात्री, रोज ताजी लॉबस्टर थाळी, अनलिमिटेड.’ इन्स्टाग्रामवर अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी हे वाचा. नाव मालवणजवळच्या एका खऱ्याखुऱ्या होमस्टेचं, अंगणाचे आणि माडांचे फोटोही त्यांचेच, फोन नंबर मात्र भलत्याचाच.

आम्ही बडोद्याचे. इथे मासे खायचे म्हणजे आधी खिडक्या लावून घ्यायच्या, मग सुरमई तव्यावर टाकायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारीण विचारणारच, ‘काल काय बनवलंत?’ सुरमई, कोळंबी कशीबशी मिळते. शेवंडीचं, म्हणजे आपल्याकडच्या लॉबस्टरचं, नाव काढायची सोय नाही. वेरावळला उतरते म्हणतात, पण चांगला माल निर्यातीला जातो. सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, त्यांना एकदा समुद्रकाठी बसवून पोटभर शेवंड खाऊ घालायची असं भावजींच्या मनात होतं. मे महिन्याच्या गाड्या कधीच भरल्या होत्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या कोकणच्या गाड्या उघडल्या उघडल्या वेटिंगवर जातात. जूनच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं मिळाली. गुजरातेत तेव्हाही शाळांना सुट्टी असते, त्यामुळे कुणाची ना नव्हती.

जाहिरातीतला नंबर भावजींनी गूगल मॅपवर ताडून पाहिला. तिथेही तोच. (तो तिथे कसा आला ते पुढे सांगते.) फोन उचलणारा हिंदीत बोलत होता, अगदी अदबीनं. दोन खोल्या, तीन रात्री, जेवणासकट १८,५०० रुपये. अर्धे आत्ता, अर्धे पोचल्यावर. यूपीआयवर पैसे पाठवताना खातेदाराचं जे नाव आलं त्याचा होमस्टेशी काडीचा संबंध नव्हता. विचारलं तर म्हणाला, ‘वो हमारे मॅनेजर का खाता है.’ ९,२५० गेले. तासाभरात छापील दिसणारी पावती आली आणि तिच्यापाठोपाठ नवी मागणी: ५,००० रुपये सिक्युरिटी डिपॉझिट, चेक-आउटला परत, आज न भरल्यास खोली दुसऱ्याला. तेही गेले.

संध्याकाळी भावजींनी आईंना, म्हणजे सासूबाईंना, मोबाइलवर फोटो दाखवले. आईंनी चष्मा कपाळावर सारला, मोबाइल नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ‘ह्येका डेंगे खंयचे? शेवंडीक डेंगे नसतत.’

आपल्या किनाऱ्यावरची शेवंड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिला लांबच लांब काटेरी मिश्या असतात, अंगभर काटे असतात, पण खेकड्यासारखे जाडजूड डेंगे, म्हणजे नांग्या, नसतात. ते असतात अमेरिकेच्या आणि युरोपच्या थंड समुद्रातल्या लॉबस्टरला. जाहिरातीतल्या ताटात तोच होता, दोन्ही डेंगे पसरून, शेजारी लिंबाची फोड. आणि खाली ओळ: ‘आज सकाळी आमच्या बोटीतून.’ मालवणच्या बोटीत हा कुठून चढला?

नवऱ्यानं लगेच दुसरा मुद्दा काढला. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा हंगाम, त्यात खवळलेला समुद्र. बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते, पण पावसाच्या तोंडावर त्या होड्यांच्या जिवावर रोज ‘अनलिमिटेड’ शेवंड वाढणारा माणूस मला तरी खरा वाटत नाही. शेवंड तशीही वजनावर विकली जाते, भाव त्या त्या दिवशीचा. खरी खाणावळ आदल्या दिवशी विचारते, किती हवी, आणि मिळाली तर देऊ म्हणते. पोटभर भात-आमटीच्या भावात शेवंड देणं कुणाला परवडेल?

आईंनी फोन लावायला सांगितला. स्पीकरवर विचारलं, ‘तुमचा घर खंय? देवबागाक काय तारकर्लेक?’ पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, ‘आंटीजी, हिंदी में बोलिए.’ हिंदी बोलणारा मॅनेजर कुठेही असू शकतो, त्यात वावगं काही नाही. म्हणून आईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं की कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा तुमच्या घरापासून किती लांब. मालवणजवळच्या देवबागात राहणाऱ्याला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. त्यानं फोन कापला. बँकेचे व्यवहार तोंडपाठ असलेल्या या माणसाला ज्या गावात धंदा थाटलाय तिथला समुद्र कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं त्याचाच मेसेज: गैरसमज झाला, बुकिंग रद्द करतो, पूर्ण पैसे परत. सोबत क्यूआर कोड. ‘स्कॅन कीजिए, पिन डालिए, १४,२५० आ जाएगा.’ इथे सगळ्यांनी नीट लक्ष द्या. स्कॅन केल्यावर पडद्यावर त्याच ‘मॅनेजर’चं नाव आणि खाली १४,२५० रुपये देण्याचं बटण होतं. यूपीआय पिन फक्त पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच नाही. पिन टाकला असता तर तेवढेच पैसे दुसऱ्यांदा गेले असते. फसलेला माणूस रिफंडच्या आशेनं घाईत असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

खऱ्या होमस्टेचा नंबर वेंगुर्ल्याच्या मामांनी ओळखीतून मिळवून दिला. मालक कंटाळलेच होते. त्यांच्या नावानं बुकिंगची चौकशी करणारे आम्ही पहिले नव्हतो. नकाशावरच्या नोंदीत कुणालाही बदल सुचवता येतो, तसाच कुणीतरी त्यांचा नंबर बदलला होता. त्यांनी तो दुरुस्त करून घेतला. जूनमध्ये आपण पाहुणेच घेत नाही, असंही ते म्हणाले. मे संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद होतात, येऊन करणार काय? नोव्हेंबरात या म्हणाले, आणि आगाऊ एक पैसा मागितला नाही.

नवऱ्यानं त्याच रात्री १९३० ला फोन केला. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन, गुजरातेतूनही हाच नंबर. त्यांनी विचारलं ते एवढंच: कोणत्या बँकेतून, किती वाजता, किती रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो क्रमांक यूपीआयच्या इतिहासात असतो, शोधून हाताशी ठेवूनच फोन करा, नाहीतर लाइनवर धांदल उडते. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. बँकेकडे मात्र फार आशा ठेवू नका. पिन आपण स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे ते व्यवहार आपलाच धरतात.

९,२५० तोवर पुढच्या खात्यात सरकले होते. ५,००० मात्र त्याच्या खात्यात होते, ते गोठवले गेले. ते सोडवायला अर्ज केला आहे. तक्रारीचा पोचपावती क्रमांक जपून ठेवा. बँकेत गेलात तरी, चौकीत गेलात तरी, आधी तोच विचारतात.